सर्वोनियंत्रित सबवूफर

खर्जाचे, म्हणजे साधारणपणे २० ते १०० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी निर्माण करणाऱ्या लाउडस्पीकरला सबवूफर म्हणतात. ज्या सबवूफरमध्ये शंकूची प्रत्यक्ष हालचाल सतत मोजली जाते, ती मूळ विद्युतसंकेताशी ताडून पाहिली जाते आणि आढळलेली तफावत प्रवर्धकाकडून तत्क्षणी दुरुस्त केली जाते, त्यास सर्वोनियंत्रित सबवूफर म्हणतात. खर्जातील ध्वनीची विकृती कमी करणे हा या रचनेचा मुख्य हेतू होय.

ही पद्धत अभियांत्रिकीच्या दृष्टीने सिद्ध व जुनी आहे. मात्र घरगुती ध्वनिसाधनांच्या बाजारात ‘सर्वो’ हा शब्द निरनिराळ्या, कधी परस्परांशी संबंध नसलेल्या रचनांसाठी वापरला जातो. त्यामुळे या शब्दामागे नेमके कोणते तंत्र आहे, त्याने काय साधते आणि काय साधू शकत नाही, हे समजून घेणे ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

व्युत्पत्ती

‘सर्वो’ या शब्दाचे मूळ ‘सेवक’ या अर्थाच्या ‘सर्वस’ या लॅटिन शब्दात आहे. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर वळविणारे यंत्र तयार केले व १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यास ‘सर्वोमोटर’ असे नाव दिले. सुकाणूवाल्याने चाक जितके फिरवावे तितकेच सुकाणू वळावे, अधिक नाही व कमीही नाही, हे या यंत्राचे काम होते. दिलेली आज्ञा आणि घडलेली कृती यांतील अंतर मोजून ते मिटवीत राहणारी यंत्रणा, हा सर्वोचा मूळ अर्थ आजही कायम आहे.

घराच्या गच्चीवरील टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा हे या तत्त्वाचे सोपे उदाहरण होय. पाण्याची पातळी खाली जाताच गोळा खाली येतो व झडप उघडते; पातळी पूर्ववत होताच झडप बंद होते. येथे गोळा हा संवेदक, ठरलेली पातळी ही आज्ञा आणि झडप ही दुरुस्ती करणारी यंत्रणा होय. सर्वोनियंत्रित सबवूफरमध्ये हीच क्रिया अखंडपणे चालू असते.

पार्श्वभूमी: खर्ज निर्माण करणे कठीण का?

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली फिरत्या कॉइलच्या लाउडस्पीकरची रचना आजही मूलतः तशीच वापरात आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, बसविलेले असते. त्यातून विद्युतप्रवाह गेला की ते पुढेमागे होते आणि त्यास जोडलेला शंकू हवा ढकलतो.

वारंवारता जितकी कमी, तितकी तेवढ्याच पातळीच्या ध्वनीसाठी अधिक हवा हलवावी लागते. वारंवारता निम्मी झाली की शंकूला चौपट अंतर जावे लागते. बारा इंची सबवूफरचा शंकू मध्यस्थितीपासून दोन्ही बाजूंस १५ मिलिमीटरपर्यंत सरळ हलू शकतो असे मानले, तर बंद पेटीत व मोकळ्या जमिनीवर तो १ मीटर अंतरावर ४० हर्ट्झला सुमारे ११० डेसिबल ध्वनी देऊ शकतो. २० हर्ट्झला मात्र त्याची मर्यादा सुमारे ९८ डेसिबल एवढीच राहते.

एवढ्या मोठ्या हालचालीत लाउडस्पीकरचे भाग सरळ वागत नाहीत. कॉइल फटीबाहेर जाऊ लागते, तेव्हा तिच्यावरील चुंबकीय बल घटते. शंकूला धरून ठेवणारी कडा व आतील नागमोडी आधार टोकाला अधिक ताठ होतात. परिणामी मूळ संकेतात नसलेले स्वर ध्वनीत मिसळतात. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतांच्या या स्वरांना प्रसंवादी म्हणतात आणि त्यांच्या भेसळीला प्रसंवादी विकृती असे नाव आहे.

मानवी कानाच्या रचनेमुळे ही भेसळ अधिक जाणवते. २० हर्ट्झचा शुद्ध स्वर सुमारे ७८ डेसिबल होईपर्यंत ऐकूच येत नाही; ६० हर्ट्झच्या स्वराला मात्र ४० डेसिबलही लागत नाहीत. समजा, २० हर्ट्झचा स्वर ९० डेसिबलने वाजत आहे आणि त्यात तिसऱ्या प्रसंवादीची भेसळ १० टक्के, म्हणजे २० डेसिबलने कमी आहे. मूळ स्वर श्रवणमर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल वर राहील. पण ६० हर्ट्झची ७० डेसिबलची भेसळ आपल्या श्रवणमर्यादेच्या ३० डेसिबल वर जाईल. ऐकणाऱ्यास खोल खर्जाऐवजी एक प्रकारची घुमारेदार गुणगुण ऐकू येईल. संगीतात इतर वाद्यांचे स्वर ही भेसळ काही अंशी झाकून टाकतात. एकटा, दीर्घ व अतिखोल स्वर असेल तेथे ती उघडी पडते.

इतिहास

ब्रिटिश अभियंता पॉल व्हॉइट याने १९२४ मध्येच लाउडस्पीकरच्या हालचालीवरून संकेत घेऊन ती सुधारण्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली होती. या कल्पनेला सैद्धान्तिक बळ पुढे मिळाले. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना बोटीत ऋण प्रतिभरणाची, म्हणजेच प्रचलित भाषेत निगेटिव्ह फीडबॅकची, कल्पना सुचली. प्रवर्धकाच्या निर्गताचा काही भाग उलट करून आदानाकडे परत दिल्यास प्रवर्धन घटते, पण विकृतीही त्याच प्रमाणात घटते, हे त्यांनी दाखविले. दूरध्वनीच्या लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठी शोधलेले हे तत्त्व पुढे ध्वनितंत्राचा पाया बनले.

१९६८ साली दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. अमेरिकेत इन्फिनिटी या नव्या कंपनीने ‘सर्वो-स्टॅटिक १’ ही ध्वनियंत्रणा सादर केली. तीत मधल्या व वरच्या स्वरांसाठी विद्युतस्थितिक पडदे होते आणि खर्जासाठी १८ इंची सर्वोनियंत्रित वूफर होता. त्याच वर्षी फिलिप्स कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात क्लासेन व दे कोनिंग यांचा गतिप्रतिभरणावरील लेख प्रसिद्ध झाला. ज्या फिलिप्सचे रेडिओ महाराष्ट्रातील घराघरांत परिचित होते, त्याच कंपनीने १९७० च्या दशकात युरोपात ‘मोशनल फीडबॅक’ नावाचे लाउडस्पीकर बाजारात आणले. त्यांच्या वूफरवर दाबविद्युत स्फटिकाचा त्वरणमापक बसविलेला असे आणि प्रवर्धक पेटीतच असे. लहान पेटीतून खोल खर्ज मिळविणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

१९८३ मध्ये डेव्हिड हॉल यांनी कॅलिफोर्नियात वेलोडाइन ही कंपनी स्थापन केली. तिचे त्वरणमापकयुक्त सबवूफर घरगुती चित्रपटगृहांच्या क्षेत्रात प्रसिद्ध झाले. हॉल यांनी पुढे चालकविरहित वाहनांच्या ‘डार्पा ग्रँड चॅलेंज’ स्पर्धेत भाग घेतला आणि त्यातून त्यांच्या कंपनीने लेझर किरणांनी अंतर मोजणारे फिरते लायडार उपकरण विकसित केले. मोजणी करून चूक सुधारण्याची विद्या सबवूफरपासून स्वयंचलित वाहनापर्यंत कशी पोहोचते, याचे हे बोलके उदाहरण आहे. नंतरच्या काळात रिद्मिक ऑडिओ या कंपनीने त्वरणमापकाऐवजी स्वतंत्र संवेदक-कॉइल वापरणारी रचना प्रचारात आणली.

कार्यपद्धती

सर्वोनियंत्रित सबवूफरचे तीन मुख्य घटक असतात: शंकूच्या गतीचा मागोवा घेणारा संवेदक, मूळ संकेत व संवेदकाचा संकेत यांची वजाबाकी करणारे मंडल आणि तफावतीनुसार कॉइल चालविणारा प्रवर्धक. या बंद वर्तुळाला ‘लूप’ म्हणतात आणि त्यातील एकूण प्रवर्धनाला लूपलाभ म्हणतात.

विकृती (१ + लूपलाभ) या पटीत घटते. एखाद्या लाउडस्पीकरची विकृती मुळात १० टक्के असेल आणि लूपलाभ ९ असेल, तर ती सुमारे १ टक्क्यावर येते. लूपलाभ केवळ १ असेल, तर ती ५ टक्केच राहते. दोन्ही यंत्रांवर ‘सर्वो’ असेच लिहिलेले असू शकते. प्रत्यक्ष परिणामात मात्र पाच पटींचा फरक पडतो. म्हणून लूपलाभ किती व कोणत्या वारंवारतांपर्यंत, हा या तंत्रातील कळीचा प्रश्न आहे.

संवेदकांचे प्रकार

त्वरणमापक: शंकूवर किंवा कॉइलच्या नळीवर एक लहान स्फटिक बसविलेला असतो. कमी वारंवारतांना दूरवर पोहोचणारा ध्वनिदाब शंकूच्या त्वरणाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे हा संवेदक जणू ध्वनीच मोजतो. त्वरणाचे प्रतिभरण दिल्यास शंकूचे वस्तुमान वाढल्यासारखा परिणाम होतो आणि अनुनादाची वारंवारता खाली जाते.

संवेदक-कॉइल: मुख्य कॉइलसोबत बारीक तारेची दुसरी कॉइल गुंडाळतात. तिच्यात निर्माण होणारा विद्युतदाब गतीच्या प्रमाणात असतो. गतीचे प्रतिभरण दिल्यास शंकूचे अवमंदन वाढते, म्हणजे संकेत थांबल्यावर तो लवकर स्थिर होतो.

स्थानमापक: प्रकाश किंवा विद्युतधारितेच्या साहाय्याने शंकूचे स्थान मोजले जाते. स्थानाच्या प्रतिभरणाने आधाराचा ताठपणा वाढल्यासारखा परिणाम होतो.

संवेदकाविना अनुमान: कॉइलमध्ये उलट दिशेने निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून गतीचा अंदाज बांधला जातो. ही पद्धत स्वस्त आहे. परंतु तांब्याच्या तारेचा रोध दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ ३९ टक्के वाढतो आणि या बदलाची दखल मंडलाने घेतली नाही, तर अंदाज चुकतो.

फायदे

योग्य रीतीने केलेल्या सर्वोनियंत्रणाने प्रसंवादी विकृती घटते. वापराने आधार सैल होणे, कॉइल तापणे इत्यादी कारणांनी लाउडस्पीकरच्या गुणधर्मांत होणाऱ्या बदलांचा परिणाम कमी होतो. तुलनेने लहान बंद पेटीतून सपाट व खोल प्रतिसाद मिळविणे सोपे जाते. हे सर्व लाभ प्रयोगशाळेत मोजता येतात, ही त्यांची विशेष बाजू होय.

मर्यादा

सर्वोनियंत्रण शंकूची कमाल हालचाल वाढवू शकत नाही. शंकू यांत्रिक टोकाला पोहोचला की तफावत वाढते. ती मिटविण्यासाठी मंडल अधिक शक्ती मागते आणि परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून अशा सबवूफरमध्ये मर्यादक मंडल आवश्यक असते. सर्वो असलेला लहान सबवूफर मर्यादेच्या आत अधिक शुद्ध वाजतो, पण मोठ्या सबवूफरइतकी हवा हलवू शकत नाही.

खर्ज आणखी खाली नेण्याची किंमतही मोठी असते. बंद पेटीत अनुनादाच्या खाली प्रतिसाद दर सप्तकास १२ डेसिबलने घसरतो. तो एक सप्तक खालपर्यंत सपाट करावयाचा तर चौपट हालचाल व सोळापट शक्ती लागते.

प्रतिभरणाला स्थैर्याचेही बंधन असते. वारंवारता वाढते तसा संवेदकाचा संकेत मागे पडू लागतो. हा विलंब पुरेसा झाला की वजाबाकीची बेरीज होते आणि यंत्रणा स्वतःच दोलायमान होऊ लागते. त्यामुळे लूपलाभ खालच्या अरुंद पट्ट्यापुरताच ठेवावा लागतो.

सर्वो हा एकमेव मार्ग नाही. लांब व सरळ हालचालीचे चांगले चुंबकीय यंत्र, मोठा शंकू किंवा दोन सबवूफर यांनीही विकृती घटते. एकसारखे दोन सबवूफर शेजारी ठेवल्यास तेवढ्याच ध्वनीसाठी प्रत्येक शंकूला निम्मेच हलावे लागते. संगणकीय प्रतिमान वापरून लाउडस्पीकरची विकृती आधीच ओळखून संकेतात उलट दुरुस्ती करण्याची पद्धतही आता विकसित झाली आहे.

खोलीचा परिणाम

सबवूफर ऐकताना सर्वांत मोठा बदल खोली घडविते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीच्या स्थिर लहरी निर्माण होतात. त्यांची पहिली वारंवारता ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागून मिळते. दहा फूट × बारा फूट खोलीत ही मूल्ये सुमारे ५६ व ४७ हर्ट्झ येतात. या वारंवारतांना खोलीच्या एका भागात खर्ज घुमतो आणि दुसऱ्या भागात जवळजवळ नाहीसा होतो. फरक १० ते २० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो.

घराच्या बांधणीनुसार हे चित्र बदलते. शहरातील सदनिकांच्या काँक्रीट व विटांच्या ताठ भिंती खर्ज फारसा शोषत नाहीत. तो आतच परावर्तित होत राहतो आणि घुमारा तीव्र होतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातील पासलीसारख्या गावांत आढळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून व मोकळ्या ओसरीतून खर्ज बाहेर निघून जातो; तेथे घुमारा कमी, पण बंद खोलीमुळे मिळणारी खर्जाची वाढही कमी. एकच सबवूफर या दोन घरांत दोन निराळी यंत्रे असल्यासारखा वाजू शकतो.

सर्वोचा संवेदक शंकूवर असतो, श्रोत्याच्या कानाशी नसतो. त्यामुळे खोलीने केलेला बदल त्यास कळत नाही व दुरुस्तही करता येत नाही. त्यासाठी सबवूफरची जागा बदलणे, एकाहून अधिक सबवूफर योग्य ठिकाणी ठेवणे किंवा मायक्रोफोनने मोजून प्रतिसाद सुधारणे हे उपाय आहेत. एक बिनखर्चाची पद्धतही आहे: सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून एखादा खर्जाचा सुरावटीचा तुकडा वाजवावा व खोलीत जमिनीलगत निरनिराळ्या जागी ऐकावे. जेथे खर्ज सर्वांत समतोल ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवावा. ध्वनीचा उगम व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही पद्धत आधारलेली आहे.

‘सर्वो’ या शब्दाचे बाजारातील अर्थ

जाहिरातींत हा शब्द पुढील निरनिराळ्या अर्थांनी आढळतो.

शंकूवरील संवेदकाचे प्रतिभरण: हाच या लेखाचा विषय होय.

ऋण निर्गतरोधाचा प्रवर्धक: यामाहा कंपनीने ‘अ‍ॅक्टिव्ह सर्वो टेक्नॉलॉजी’ या नावाने आणलेल्या पद्धतीत प्रवर्धक कॉइलचा रोध विद्युतदृष्ट्या रद्द करतो आणि पेटीतील छिद्राच्या अनुनादातून खर्ज मिळवितो. हीसुद्धा खरी अभियांत्रिकी आहे, परंतु तीत शंकूवर त्वरणमापक नसतो.

सर्वोमोटरने चालणारा लाउडस्पीकर: इंटरसॉनिक्स कंपनीच्या ‘सर्वोड्राइव्ह’ रचनेत व्हॉइस कॉइलऐवजी फिरती विद्युत मोटर पट्ट्यांच्या साहाय्याने शंकू हलविते. तिचा वापर मोठ्या सार्वजनिक कार्यक्रमांसाठी होत असे.

डीसी सर्वो: हे प्रवर्धकाच्या निर्गतातील नको असलेला स्थिर विद्युतदाब काढून टाकणारे छोटे मंडल होय. शंकूच्या हालचालीच्या शुद्धतेशी त्याचा संबंध नाही. एखाद्या प्रवर्धकात डीसी सर्वो आहे, एवढ्यावरून त्याला जोडलेला सबवूफर सर्वोनियंत्रित ठरत नाही.

अभियांत्रिकी व विपणन यांतील भेद

एखादा दावा अभियांत्रिकीचा आहे की केवळ विपणनाचा, हे ओळखण्याची ढोबळ कसोटी अशी: तो दावा मोजता येतो का, आणि मोजणीच्या अटी सांगितल्या आहेत का? ‘२५ हर्ट्झला १ मीटरवर ९५ डेसिबल असताना विकृती ३ टक्क्यांहून कमी’ हे विधान तपासता येते व खोटे ठरू शकते. ‘सर्वोमुळे जिवंत खर्ज’ हे विधान खोटे ठरूच शकत नाही. म्हणूनच त्यास माहितीचे मूल्य नाही.

पीएमपीओ: १९९० च्या दशकात भारतीय बाजारातील टू-इन-वन व म्युझिक सिस्टिमवर शेकडो, कधी हजारो ‘वॅट पीएमपीओ’ छापलेले असत. क्षणभराच्या कमाल शक्तीचा हा आकडा ठरविण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती. यंत्राच्या मागील पट्टीवर वीजवापर ३० वॅट लिहिला असेल, तर ते यंत्र अखंडपणे ३० वॅटपेक्षा अधिक ध्वनिशक्ती देऊ शकत नाही, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावरून शालेय विद्यार्थ्यालाही सांगता येते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच प्रवर्धकाची शक्ती कोणत्या अटींखाली मोजून जाहीर करावी याचा नियम केला होता.

वॅटचा आकडा: शक्ती दुप्पट झाली तरी ध्वनी केवळ ३ डेसिबलने वाढतो. सबवूफरमध्ये शंकूचे क्षेत्रफळ व हालचाल यांचे महत्त्व वॅटपेक्षा कमी नसते.

वारंवारतेचा पल्ला: ‘२० हर्ट्झपासून’ एवढेच लिहिणे अपुरे असते. तेथे ध्वनी ३ डेसिबलने घटला आहे की १० डेसिबलने, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

‘वेगवान’ खर्ज: सबवूफरला ८० हर्ट्झच्या वरचे स्वर दिलेच जात नसतील, तर त्याच्या वेगाची कमाल मर्यादा त्यानेच ठरते. ‘मंद’ वाटणारा खर्ज बहुधा रेंगाळणाऱ्या अनुनादाचा परिणाम असतो आणि तो अनुनाद पेटीपेक्षा खोलीचा असण्याचा संभव अधिक असतो.

सबवूफरची तुलना करण्यासाठी ‘सीईए-२०१०’ हे मोजणीचे प्रमाणक उपलब्ध आहे. ते आता ‘सीटीए-२०१०’ या नावाने ओळखले जाते. त्यात अल्पकालीन स्वरस्पंद वाजवून, विकृती ठरावीक मर्यादेत राहील अशी कमाल ध्वनिपातळी मोजली जाते. सर्वो असलेले व नसलेले सबवूफर या मोजणीत एकाच मापाने तोलले जातात.

भारतीय संगीत व सबवूफर

सबवूफरची गरज ऐकल्या जाणाऱ्या संगीतावर अवलंबून असते. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. त्याखाली ख्याल, भावगीत, अभंग वा नाट्यसंगीत यांत फारसे काही नसते. डग्ग्याचा व पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा गंभीर नाद चांगल्या वूफरवर समाधानकारक ऐकू येतो. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून, विजेविना होत असे व त्यात खर्ज जवळजवळ उमटतच नसे. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या कोणत्याही सबवूफरवर वाजविल्या, तरी नसलेला खर्ज निर्माण होणार नाही.

याउलट चित्रपटांच्या बहुवाहिनी ध्वनीत १२० हर्ट्झपर्यंतच्या परिणामांसाठी स्वतंत्र वाहिनी असते. स्फोट, भूकंप, मेघगर्जना यांचे ध्वनी तीत २० हर्ट्झच्या आसपासही पोहोचतात. पाश्चात्त्य चर्चमधील मोठा पाइप ऑर्गन व इलेक्ट्रॉनिक संगीत यांतही असे स्वर असतात. सर्वोनियंत्रणाचा खरा लाभ याच पट्ट्यात व मोठ्या आवाजात दिसतो.

ध्वनिप्रदूषण व शेजारधर्म

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल (ए) ही ध्वनिपातळीची मर्यादा आहे. खासगी जागेतील खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबल (ए) हून अधिक वाढू नये, असेही नियम सांगतो.

‘डेसिबल (ए)’ या मापात खर्जाला फार कमी वजन दिले जाते. ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा होतात. शेजारच्या खोलीत ५० हर्ट्झचा ७५ डेसिबल स्वर घुमत असला, तरी मापक सुमारे ४५ डेसिबल (ए) दाखवील. आकड्याने नियम पाळला गेल्यासारखे दिसेल, पण झोपू पाहणाऱ्या व्यक्तीस तो स्वर स्पष्ट ऐकू येईल. त्यातच भिंती उच्च स्वर अडवितात तितका खर्ज अडवीत नाहीत. सर्वोनियंत्रणाने खर्ज शुद्ध होतो, भिंतीपलीकडे जायचा थांबत नाही. त्यामुळे सदनिकेत सबवूफर वापरताना मापकातील आकड्याबरोबरच शेजाऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव विचारात घेणे योग्य ठरते.

ग्राहकहक्क

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्या उभारणीत बिंदुमाधव जोशी यांच्यासोबत संगीतकार सुधीर फडके यांचाही सहभाग होता. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केलेली आहे. या अधिनियमान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये अस्तित्वात आले. अशा जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यास आहे. ग्राहकांना १९१५ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

सर्वोनियंत्रित म्हणून विकला जाणारा सबवूफर घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे मिळविणे उपयुक्त ठरते: संवेदक कोणता व तो कोठे बसविला आहे? शंकूचा आकार व कमाल सरळ हालचाल किती? २५ किंवा ३१.५ हर्ट्झला कोणत्या ध्वनिपातळीवर किती विकृती मोजली गेली? मोजणी कोणत्या प्रमाणकानुसार व कोणी केली? आपल्या खोलीत तो ऐकून परत करण्याची सोय आहे का? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, तर ‘सर्वो’ हा शब्द पेटीवर नसला तरी चालेल. उत्तरे मिळत नसतील, तर तो असूनही त्यावरून काही सिद्ध होत नाही.

हेही पाहा

लाउडस्पीकर
ऋण प्रतिभरण
अनुनाद
डेसिबल
ध्वनिप्रदूषण
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९